यादीतलं पूर्ण नाव

आमच्या प्रांतसभेत गुप्त मतदान होतं तोवर सगळे मेंबर सुखात होते. प्रीमियर निवडायचा म्हटलं की दोन्ही गट आठ-आठ दिवस आपापली माणसं कोंडून ठेवायचे. सकाळी या गटाकडे डुकराचं मटण, संध्याकाळी त्या गटाकडून होडीचं इंजिन, आणि एकदा चिठ्ठी पेटीत पडली की कुणी कुणाला मत दिलं ते देव जाणे. मागच्या खेपेला एका उमेदवाराने पंधरापैकी अकरा जणांना बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्याला चार मतं पडली, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. मोजणी मीच केली होती. निकालानंतर उरलेले आठ जण त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि तेही अगदी मनापासून रडले.

मी नेस्टा, या सभेची सचिव. बावीस वर्षं याच टेबलावर बसून मी या लोकांची खोटी भाषणं शुद्ध भाषेत लिहून काढली आहेत. तेव्हा यंदा राजधानीहून, होनिआराहून कागद आला की आता प्रांत जाऊन राज्यं होणार, प्रत्येक राज्याने आपली सभा, आपले नियम आपण ठरवायचे, तेव्हा मी पदर खोचून कामाला लागले. मला एकच गोष्ट हवी होती. नव्या राज्याचा पहिला प्रीमियर उघड मताने निवडला जावा. मेंबरने उभं राहावं, सगळ्यांसमोर तोंडाने सांगावं, आणि बाहेर बसलेल्या त्याच्या गावकऱ्यांनी ते ऐकावं. बस, एवढंच.

माझ्या बाजूला कॅस्परचा गट होता. कॅस्पर चौथ्या वॉर्डाचा मेंबर, प्रीमियरपदाचा आमचा उमेदवार, पूर्वी शाळामास्तर, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, जुडिथचा नवरा. गावाची सभा भरून हो म्हटल्याशिवाय जंगलातलं एक झाड पडायचं नाही, असा कायदा त्याला नव्या राज्यात पहिल्याच महिन्यात आणायचा होता. समोरच्या गटाकडून जुने प्रीमियर पुन्हा उभे होते, पण ते नावाला. त्यांचा सगळा कारभार डडली पाहायचा. डडली नवव्या वॉर्डाचा, अंगाने भरलेला, बोलायला गोड. लाकूड कंपनीच्या बोटीतून फिरायचा आणि भेटेल त्याच्या हातावर सुपारी ठेवायचा.

उघड मतदानाला डडली कधीच तयार होणार नाही असं सगळे म्हणत होते. चार बैठका झाल्या. पहिल्या तीनमध्ये तो नुसता सुपारी चघळत, बोटाने चुना चाटत छताकडे पाहत राहिला. चौथ्या बैठकीत म्हणाला, "ठीक आहे. दोन मंत्रिपदं आमची, कोणीही निवडून येवो. आणि मसुद्यात एक शब्द बदला. मग उघड तर उघड."

"कुठला शब्द?" मी विचारलं.

"तुम्ही लिहिलंय, मेंबरने आपल्या पसंतीच्या उमेदवाराचा वॉर्ड सांगावा. वॉर्ड कशाला हो? वॉर्ड काय, आज इथं आहे, उद्या दोनाचे तीन होतील. माणसाला नाव असतं. यादीत आहे तसं पूर्ण नाव घेऊ दे की त्याला. ऐकणाऱ्यालाही कळलं पाहिजे, नाही का बाई?"

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला तो माणूस त्या दिवशी चक्क आवडला. सभेत आम्ही कुणी कुणाचं नाव घेत नाही, 'चौथ्या वॉर्डाचे माननीय मेंबर' असंच म्हणतो. बावीस वर्षं मीही तसंच लिहीत आले. त्यामुळे त्या खोलीत कुणाच्या लक्षात काही आलं नाही. मी 'वॉर्ड' खोडून वर लिहिलं, 'यादीतलं पूर्ण नाव, स्वतःच्या तोंडाने'. आणि कुणी आयत्या वेळी चलाखी करू नये म्हणून त्याखाली आणखी एक कलम स्वतःच्या डोक्याने घातलं: मतदानाच्या आधीच्या तीन दिवसांत यातला एकही शब्द बदलता येणार नाही. ज्याने नाव घेतलं नाही त्याचं मत बाद. बरोबरी झाली तर जुने प्रीमियर चालू राहतील. सगळ्यांनी सह्या केल्या. डडलीने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

मतदानाच्या दिवशी सकाळी नऊला मी सभेच्या पायऱ्या चढत होते. डडली पायरीवर उभा होता, नवा पांढरा शर्ट घालून.

"काय सचिवबाई, झोप झाली?"

"तुमच्यापेक्षा बरी."

"बरोबर सात-सात होतायत म्हणे. पंधरावा वॉर्ड राहिला. म्हणजे तुमचे बाबा." त्याने सुपारीचा थुंका पायरीखाली टाकला. "पक्का माणूस. फुटणार नाही ते, मला ठाऊक आहे. मी बोललोसुद्धा नाही त्यांच्याशी. पण एक विचारू का? आज ते उभं राहून काय म्हणतील हो? 'योनाचा बाप'?"

आणि तो हसला. वाईट हसला नाही, गमतीत हसला. माझ्या हातातली यादी घामाने ओली झाली.

आमच्या बेटावर सासरा जावयाचं नाव घेत नाही. कधीच नाही, त्याच्या माघारीसुद्धा नाही, आणि जावई सासऱ्याचं घेत नाही. मुलीचं लग्न ठरलं की त्या दिवसापासून ते नाव बापाच्या तोंडातून गेलंच. योना माझा भाचा. म्हणून बाबांसाठी कॅस्पर म्हणजे 'योनाचा बाप', योना व्हायच्या आधी 'तो मास्तर'. तेरा वर्षं झाली. त्यातून बाबा म्हणजे काही कुणी साधा माणूस नव्हे. आमच्या किनाऱ्यावर चालीरीतीचा वाद झाला की निवाड्याला त्यांनाच बोलावतात. दोन वर्षांपूर्वी एका माणसाने दारूच्या नशेत जावयाचं नाव घेऊन हाक मारली, तर बाबांनी त्याला एक मोठं डुक्कर दंड केला होता. तो माणूस गयावया करत होता की, नुसतं नावच तर घेतलं. बाबा म्हणाले होते, "नाव तोंडात आलं की तू आणि तो सारखे झालात. मग मुलीने मान कुणाचा ठेवायचा?"

आणि नाव घेणाऱ्याने डुक्कर दिलं तरी भागत नाही. मुलीने स्वतः येऊन हात धरून घरात नेईपर्यंत बापाने तिच्या अंगणात पाय टाकायचा नाही. काही मुली महिनाभर नेत नाहीत. एकीने कधीच नेलं नाही.

मी उलट पावली मिशनच्या विश्रामगृहाकडे पळाले. आमचा गट तिथं नऊ दिवस मुक्कामाला होता. बाबा मागच्या ओट्यावर बसून रताळं सोलत होते आणि कॅस्पर पुढच्या ओट्यावर होता. नऊ दिवस हेच चाललं होतं. सभेत एका छपराखाली बसलेले चालतात, घरात नाही; म्हणून एक आत आला की दुसरा दुसऱ्या दाराने बाहेर. काही सांगायचं असलं की मध्ये कुणीतरी निरोप्या. बाबा ओरडणार, "योनाच्या बापाला सांगा, चहा झालाय," आणि कॅस्पर दहा फुटांवर भिंतीपलीकडे ऐकत असणार. बाकीचे मेंबर हसून लोळायचे. तेव्हा मीही हसले होते.

कॅस्परला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हे तुझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

"तुझ्या आलं होतं का? तूही सही केलीस ना?"

"मी कधी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलंय? मला वाटतं त्यांच्यासाठी मला नावच नाही." त्याने कपाळ पुसलं. "बोट दाखवलं तर? उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले तर? अध्यक्ष तुलाच विचारणार. तू म्हण चालतं."

"नियमात तोंडाने लिहिलंय."

"नियम तू लिहिलायस!"

"म्हणूनच!" मी ओरडले. "पहिल्याच दिवशी, पहिल्याच मतदानात, सचिवबाईने बहिणीच्या नवऱ्यासाठी नियम वाकवला. हेच पाहिजे त्याला. उद्या कोर्टात जाईल, तुझी निवड जाईल आणि उघड मतदानही जाईल. पुन्हा पेटी, पुन्हा चिठ्ठ्या."

"आणि नाही म्हणालीस तर आजच जाईल," कॅस्पर म्हणाला. "जंगलही जाईल. कंपनीचे लोक आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला खुणा करून गेलेत, ताई. झाडांवर लाल रंग मारून."

ते मला माहीत होतं. मी मागच्या ओट्यावर गेले. बाबांनी सगळं ऐकलं होतं, त्या घराच्या भिंती पत्र्याच्या आहेत. ते रताळं सोलतच राहिले.

"नियम वाचून दाखव," म्हणाले.

मी वाचला.

"पुन्हा."

पुन्हा वाचला. त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. सत्तर वर्षांचा माणूस, पण हात अजून होडी ओढायचे. "नीट लिहिलायस," ते म्हणाले. "कुठं फट नाही. लहानपणी चटया विणायचीस तशी." मग जरा वेळाने, "जुडिथ येणार आहे का आज सभेत?"

"येणार. पहिल्या बाकावर जागा धरून ठेवलीय तिनं."

"हं," बाबा म्हणाले आणि आंघोळीला गेले. ते काय करणार ते मला कळलं नाही. मी काय करणार ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

दहा वाजता सभा भरली. पत्र्याखाली दीडशे माणसं, तीन पंखे, त्यातला एक बंद. खिडक्यांबाहेर लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून उभे होते, कारण उघड मतदान हा प्रकार पाहायला सगळ्या किनाऱ्यावरून होड्या आल्या होत्या. पहिल्या बाकावर जुडिथ निळा झगा घालून बसली होती. ती माझ्याकडे पाहून हसली. तिला काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, आज आपला नवरा प्रीमियर होणार.

अध्यक्ष होते फादर क्लेमेंट, चर्चच्या सेवेतून निवृत्त झालेले, भले गृहस्थ. नियमाचा प्रश्न आला की ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहायचे आणि मी सांगेन ते म्हणायचे. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि मी पहिल्या वॉर्डाचा पुकारा केला.

एकेक मेंबर उठत होता. सगळ्यांना घाम फुटला होता. गुप्त पेटीला सरावलेली माणसं ती, चारचौघांत खरं बोलायचं म्हणजे त्यांना अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या वॉर्डाच्या मेंबरने नऊ दिवस डडलीच्या गटाबरोबर हॉटेलात राहून मासे खाल्ले होते. तो उठला, खिडकीतल्या आपल्या गावकऱ्यांकडे पाहिलं आणि खाली मान घालून कॅस्परचं पूर्ण नाव घेतलं. खिडकीत असा काही गलका झाला की मला टेबल वाजवावं लागलं. त्या क्षणी माझा ऊर भरून आला. माझा नियम चालत होता. खरंच चालत होता.

पण आमच्या गटातला बाराव्या वॉर्डाचा उलटा फुटला आणि चौदा वॉर्ड झाले तेव्हा हिशेब पुन्हा तोच राहिला. सात आणि सात.

"वॉर्ड पंधरा," मी पुकारलं.

बाबा उठले. त्यांनी कमरेला गुंडाळलेली चटई नीट केली, दोन्ही हात मागे बांधले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"योनाचा बाप," ते म्हणाले.

डडली हळूच उठला. "माझी हरकत आहे, अध्यक्षमहाराज. मी या वडीलधाऱ्यांचा फार मान ठेवतो. पण यादीत योनाचा बाप नावाचा कुणी मेंबर नाही. आणि योना म्हणाल तर या बेटावर पंचवीस तरी असतील. माझ्या मोलकरणीचा पोरगा योना आहे."

खिडकीत हसले लोक. मग हसू अर्ध्यावर थांबलं. तोवर सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं काय चाललंय ते. जुडिथचा चेहरा उतरलेला मला दिसला.

फादर क्लेमेंटनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सचिवबाई, हे चालेल का? सगळ्यांना कळतंय ना त्यांना कोण म्हणायचंय?"

सगळ्यांना कळत होतं. फादरना मी 'चालेल' म्हणायला हवं होतं, त्यांच्या सुरातच ते होतं. कॅस्पर माझ्याकडे पाहत होता. डडलीही पाहत होता, अगदी निवांत, कारण मी काहीही म्हटलं तरी त्याचं भागणार होतं. हो म्हटलं तर कोर्ट, नाही म्हटलं तर म्हातारा गप्प, आणि सात-सातवर जुने प्रीमियर कायम. मी नियम हातात घेतला. मला तो पाठ होता, तरी वाचला.

"यादीतलं पूर्ण नाव, स्वतःच्या तोंडाने," मी म्हणाले. "खुणेचं नाव चालणार नाही."

बाबांनी भिंतीवरची नजर काढून माझ्यावर आणली. रागाने नाही. लहानपणी मला पहिल्यांदा होडी एकटीने वल्हवायला दिली तेव्हा काठावरून बघत होते, तसेच बघत होते. मग ते म्हणाले, "कॅस्पर."

बायकांनी तोंडाला हात लावले. मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून चालू लागली. कॅस्परने चेहरा दोन्ही हातांत झाकला आणि तसाच वाकून, कुणाकडे न पाहता, बाजूच्या दाराने बाहेर निघून गेला. आमच्यात जावयाने तेच करायचं असतं. जुडिथ हलली नाही, ती नुसती बसून राहिली.

डडलीचं तोंड मी पहिल्यांदाच सुपारीशिवाय उघडं पाहिलं. म्हातारा बोलेल हे त्याच्या गणितातच नव्हतं. पण तो सावरला. "पूर्ण," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पूर्ण नाव लिहिलंय. हे अर्धंच झालं. मत बाद धरा."

"अहो, पंधरा मेंबरांत कॅस्पर एकच आहे!" कुणीतरी ओरडलं. "शरम नाही का रे तुला?"

"सचिवबाई?" फादर म्हणाले. "आता पुरे ना?"

मी खूपदा त्या क्षणाचा विचार केला आहे. तेव्हा मी 'पुरे' म्हटलं असतं तर काय झालं असतं? कदाचित डडली कोर्टात गेला असता, कदाचित गेला नसता. सगळी सभा बाबांच्या बाजूने होती. मला सोडून देता आलं असतं. पण त्या घटकेला मला बापही दिसत नव्हता, बहीणही दिसत नव्हती. मला माझा नियम दिसत होता, बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो, आणि कुणी त्याला टाचणीएवढं भोक पाडायला निघालं तर मी त्याचा हात तोडला असता. हे आता कबूल करायला मला लाज वाटत नाही. तेव्हाही वाटली नाही.

"पूर्ण नाव, मेंबर," मी म्हणाले.

"तुला माहीत आहे ते," बाबा म्हणाले.

"मला माहीत असून चालत नाही, बाबा."

सभेत मी त्यांना बाबा म्हटल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. ते मी नोंदवहीत लिहिलेलं नाही.

कॅस्पर हे मिशनचं नाव, ते एकवेळ परक्यासारखं घेता येतं. मधलं नाव त्याच्या आजोबांचं, शेवटचं त्याच्या कुळाचं. एकाच घासात मेलेल्यांचा आणि जिवंतांचा मान जात होता. बाबांनी तिन्ही नावं घेतली, एकेक करून, स्पष्ट, माझ्या नोंदीसाठी थांबत थांबत. मी लिहून घेतली. लिहिताना अक्षर बिघडलं नाही.

आठ विरुद्ध सात. खिडक्यांमधून आरोळ्या उठल्या, कुणी शंख फुंकला, कंपनीची बोट धक्क्यावरून त्याच दुपारी निघून गेली. नवा प्रीमियर सभेत नव्हता, त्याला मागच्या नारळीच्या बागेतून शोधून आणावं लागलं. मी वळून पाहिलं तर पहिला बाक रिकामा होता.

तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःवर निवाडा दिला. दुसऱ्या कुणाला बोलवायला ते तयार नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्या माणसाला जेवढं सांगितलं तेवढंच, एक मोठं डुक्कर. आमच्या डुकरांमधलं सगळ्यात मोठं त्यांनी स्वतः बांधलं, मी एक पिकअप भाड्याने केली आणि आम्ही जुडिथच्या घरी गेलो. वाटेत ते एकदाच म्हणाले, "ओढ्यापर्यंत गेलो होतो काल. लाल रंगावर पोरांनी चिखल फासलाय." आणि हसले.

कुंपणाशी गाडी थांबली. बाबांनी डुक्कर उतरवून खुंटाला बांधलं आणि आत पाय न टाकता जमिनीवर बसले. सत्तर वर्षांचा माणूस, ज्याच्यासमोर अख्खा किनारा येऊन बसतो, तो मुलीच्या कुंपणाबाहेर मातीत बसला होता. मला ते पाहवत नव्हतं. किती वेळ बसावं लागेल काही सांगता येत नव्हतं.

घडीभरही बसावं लागलं नाही. मागच्या दाराने कॅस्पर नारळीकडे गेल्याचं दिसलं आणि जुडिथ पुढच्या दाराने आली. तिने डुकराकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांचा हात धरला, उठवलं, त्यांच्या गुडघ्यांची माती झाडली आणि म्हणाली, "चला बाबा. जेवण काढलंय. नारळाच्या दुधातला मासा केलाय तुमचा."

बाबा रडले. मीही रडत होते. मी डोळे पुसत त्यांच्या मागोमाग आत निघाले.

"तू थांब," जुडिथ म्हणाली.

"अगं..."

"बाबांनी पहिल्यांदा नाव घेतलं ते मी समजू शकते. त्यांना जंगल वाचवायचं होतं. सगळ्यांना ऐकू आलं होतं, सगळ्यांना कळलं होतं. फादरसुद्धा पुरे म्हणाले." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "दुसऱ्यांदा तू घ्यायला लावलंस. ह्यांच्या आजोबांच्या नावासकट. माझ्या बापाला, माझ्या तोंडासमोर."

"जुडिथ, नियम..."

"नियमाचं नाव काढू नकोस."

"बरं, मी पण डुक्कर आणते. आजच आणते. दोन आणते."

"कशाचं?" ती म्हणाली. "नाव तू घेतलंस का? नाही. मग कशाचं डुक्कर? बाबा, तुम्ही सांगा. पोरीने बापाकडून जावयाचं नाव वदवलं तर तिला काय दंड आहे?"

बाबा दारात थांबले. या बेटावरच्या सगळ्या गुन्ह्यांचे सगळे दंड त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांनी बराच वेळ विचार केला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. चार डुकरं म्हणाले असते तर चार आणली असती, दहा म्हणाले असते तर कुठून तरी दहा आणली असती.

"दंड नाही," ते शेवटी म्हणाले. "असं कधी कुणी केलंच नव्हतं."

मग जुडिथने त्यांना आत नेलं. दाराच्या चौकटीतून मला ताट मांडलेलं दिसत होतं, केळीच्या पानावर मासा, बाजूला उकडून कुटलेला तारोचा कंद. बाबांनी हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नेस्टा, गाडीत बस. मी जेवून येतो."

मी गाडीत जाऊन बसले.